वगैरे

दादाला वाचता उत्तम येत होतं. फक्त सगळं वाचायचा त्याला मनापासून कंटाळा होता. पहिल्या दोन ओळी तो वक्तृत्व स्पर्धेला उभा राहिल्यासारख्या खणखणीत वाचायचा, तिसरीला सूर उतरायचा, आणि चौथ्या ओळीच्या जागी 'वगैरे' यायचं. लग्नाचं निमंत्रण असो, पाणी बंद राहणार असल्याची सूचना असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो, शेवट ठरलेला. "जेवणानंतर एक, झोपताना एक, वगैरे." त्या वगैरेत एकदा 'बाटली उघडल्यावर महिन्याभरात संपवावी' असं होतं आणि एकदा 'गाडी चालवू नये' असं. गाडी चालवायचा प्रश्न नव्हता, कारण ज्या बहिणीला तो हे वाचून दाखवायचा तिला जन्मापासून दिसत नव्हतं. पण तो महिना मात्र कधीच उलटून गेलेला होता, आणि तिचं पोट चांगलंच बिघडलं होतं.

बहिणीचं घरातलं नाव चिंगी. पन्नाशी ओलांडली, केस पिकले, शाळेतली मुलं 'बाई, बाई' करत मागे फिरू लागली, तरी घरात ती चिंगीच. दादाच्या घराच्या मागच्या खोलीत बसून ती अंध मुलांच्या शाळेसाठी ब्रेलची पुस्तकं छापायची. छापायचं यंत्र जाड कागदावर ठिपके ठोकायचं, आणि ठोकताना असा काही दणका द्यायचं की वहिनीने त्याच्यावर दोन जुन्या रजया टाकून ठेवल्या होत्या. यंत्र म्हातारं, त्याला जोडलेला कॉम्प्युटर त्याच्याहून म्हातारा, आणि दोघांची बोलणी जमवून देणारी सिस्टीम सगळ्यांत म्हातारी. नव्या कॉम्प्युटरला त्या यंत्राची वायर खुपसायला भोकच नव्हतं, त्यामुळे ही म्हातारी मंडळी एकमेकांना धरून कशीबशी उभी होती.

त्यात भर म्हणजे पोपट. पडद्यावर जे येईल ते मोठ्याने वाचणारा एक प्रोग्राम चिंगीच्या कॉम्प्युटरमध्ये होता. आवाज नाकातून, चाल एकसुरी. तो 'स्वल्पविराम' म्हणायचा, 'कंस सुरू' म्हणायचा, 'कंस पूर्ण' म्हणायचा, आणि वहिनीचं डोकं उठवायचा. चिंगीला मात्र तो जीव की प्राण होता. पोपट जन्मात कधी 'वगैरे' म्हणाला नव्हता.

चिंगी एक पुस्तक करत होती, आणि ते तिचं स्वतःचं होतं. तिच्या लहानपणी ब्रेलच्या शालेय पुस्तकात जिथे चित्र यायला हवं तिथे बोटांखाली एकच ओळ लागायची: आकृती गाळली आहे. फुलाचा उभा छेद, आकृती गाळली आहे. कानाची रचना, आकृती गाळली आहे. एकदा तिने हट्टाने दादाला त्याचं पुस्तक उघडायला लावलं आणि विचारलं, पानाच्या चित्रात काय काय आहे? दादा तेव्हा स्वतः हाफ पँटीत. त्याने नीट बघितलं आणि सांगितलं, "पान आहे. त्याला रेघा वगैरे." त्या रेघा कुठून निघतात आणि कुठे जाऊन विरतात हे कळायला चिंगीला पुष्कळ मोठं व्हावं लागलं. मोठी झाल्यावर तिने मनाशी ठरवलं की जे गाळलं ते सगळं परत भरायचं.

आणि ती भरत होती. पान, फूल, कान, हृदय, नदीचं खोरं. चित्र म्हणजे तिच्या लेखी ठिपक्यांची ओळ, आणि प्रत्येक ठिपका ती विचार करून ठेवायची. डोळ्यांना जे चित्र सोपं ते बोटांना सोपं असतंच असं नाही. पानाची पहिली आकृती शाळेत नेली तेव्हा एका लहानग्या मुलीने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाई, हा तळहात आहे." चिंगी हसली, घरी आली आणि सगळं पान मोडून परत मांडलं. कानाच्या आतल्या गोगलगायीसारख्या नळीने तर तिचा अक्षरशः घाम काढला. चुकलेली चित्रं ती कागदावर जपून ठेवायची, कोपरा दुमडून, म्हणजे तीच चूक परत होऊ नये. बरोबर आलेलं चित्र मात्र कॉम्प्युटरमध्येच राहायचं. ते शेवटी पुस्तकातच छापायचं होतं. त्याची नक्कल करून ठेव, असं तिला दहा जणांनी सांगितलं असेल. पण पेनड्राइव्ह लावला की पोपटाची वाचा बसायची, सगळं बंद करून परत सुरू करावं लागायचं. पुस्तक पुरं झालं की एकदमच करू, असं म्हणत राहिली.

पुस्तक पुरं झालं. शाळेच्या मोठ्या बाईंना तिने फोन करून सांगितलं, "सोमवारी शाळा उघडेल ना, तेव्हा चित्रांसकट घेऊन येते." मोठ्या बाई शहाण्या आणि कमी बोलणाऱ्या, त्या फक्त "या" म्हणाल्या, पण त्या एका शब्दात त्यांचा आनंद चिंगीला ऐकू आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बटण दाबलं. पंख्याने उसासा टाकला, एक बीप वाजला, डिस्क टकटकली, आणि मग पोपट बोललाच नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण होता, त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे, कारण तो पेटी उघडण्याआधी तिच्यावर कान ठेवायचा. डॉक्टर आला, कान ठेवला, पेटी उघडून ढीगभर धूळ काढली आणि म्हणाला, "ताई, डिस्क ठणठणीत आहे. सिस्टीम गेली. ही सिस्टीम तर मी शिकत होतो तेव्हाच जुनी झाली होती."

"आतलं पुस्तक?"

"आहे की. डिस्कचे दोन भाग केलेत तुम्ही. एकात सिस्टीम, एकात तुमचं. तुमचं जिथल्या तिथे आहे." मग तो जरा थांबला. "खरं सांगू का, आधी नक्कल काढू. पण ही डिस्क जुन्या पद्धतीची, ती जोडायची वायर माझ्याकडे नाही. मागवतो. आठवडा लागेल, जास्तही लागेल."

"सोमवारी शाळा उघडते," चिंगी म्हणाली.

डॉक्टरने दादाकडे बघितलं असावं, कारण दादाने घसा खाकरला. मग डॉक्टरने दुसरा रस्ता सांगितला. तीच जुनी सिस्टीम परत बसवायची, पहिल्या भागावर. दुसऱ्याला हात लावायचा नाही. सीडीचा खण उघडत होता पण सीडी वाचत नव्हता, म्हणून सिस्टीम पेनड्राइव्हवर घालायची आणि कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. "दादा करतील, लॅपटॉप आहे ना त्यांच्याकडे. अडलं तर फोन करा. मी दुकान सोडून इथे बसू शकत नाही, आणि हे बसून करायचं काम आहे."

तर आता दादा आणि चिंगी. पोपट मुका, आणि सिस्टीम बसेपर्यंत मुकाच राहणार. कारण बसवणारा प्रोग्राम फक्त पडद्यावर लिहितो, बोलत नाही. चिंगीने फोनचा कॅमेरा पडद्यासमोर धरून बघितला. फोन एरवी दुकानांच्या पाट्यासुद्धा वाचून दाखवायचा. पण तो जुना फुगीर पडदा लुकलुकायचा, आणि फोनला त्यात अक्षरंच दिसेनात. म्हणजे डोळे दादाचे. चिंगीने त्याला समोर बसवलं आणि बजावलं, "जे असेल ते सगळं वाचायचं. टिंबसुद्धा गाळायचं नाही. वगैरे म्हणालास तर बघ."

"तुझी शपथ," दादा म्हणाला. "पोपट होतो आजपासून."

आणि तो खरोखर झाला. पहिला पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला तेव्हा पडद्यावर चौकोन आला आणि दादाने नाकातून, पोपटाच्या चालीवर वाचलं, "सावधान उद्गारचिन्ह. या ड्राइव्हवरील सर्व माहिती कायमची नष्ट होईल पूर्णविराम. पुढे जायचे आहे का प्रश्नचिन्ह. होय. नाही." स्वयंपाकघरात वहिनीला हसू आवरेना. "अहो, तुम्ही असेच बोलत जा ना रोज," ती ओरडली. चिंगी म्हणाली, "पुसू दे. त्यात तुझ्या सहलीचे फोटो आहेत ना? मला काय दिसतायत ते." दादाने 'होय' दाबलं आणि सहल गेली.

तो पेनड्राइव्ह जुन्या कॉम्प्युटरला लावला. बीप वाजला आणि काही नाही. "सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही," दादाने वाचलं. "आपलाच पोपट झाला." डॉक्टरला फोन. डॉक्टर म्हणाला, पेनड्राइव्ह नव्या पद्धतीने तयार झालाय, म्हाताऱ्याला ती पद्धत कळत नाही, जुनी पद्धत निवडा. परत लॅपटॉप, परत तो चौकोन, परत सावधान, सर्व माहिती, होय. परत काही नाही. डॉक्टर म्हणाला, पुढच्या भोकात लावलाय का? मागच्या भोकात लावा. मागच्या भोकात लावला. कॉम्प्युटर अडकून बसला. डॉक्टर म्हणाला, पेनड्राइव्ह फार मोठा आहे, त्याला एवढी मोठी जागा मोजताच येत नाही, एखादा जुना, लहानसा शोधा. वहिनीने कपाटं उपसून कुठल्याशा कार्यक्रमात फुकट मिळालेला एक चिमुकला पेनड्राइव्ह शोधून काढला. सावधान, सर्व माहिती, होय.

त्या चिमुकल्याने चमत्कार केला. पडदा निळा झाला. "निळा झाला गं!" दादा ओरडला, आणि चिंगीने खुर्चीतच टाळी वाजवली. तिच्या कानावर डिस्कचा तो ओळखीचा टकटकाट आला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं. मग दादाचा आवाज पडला. "लिहिलंय, ज्या डिस्कवरून बसवायचं ती डिस्क सापडत नाही. ती आत घाला."

"अरे, त्याच डिस्कवरून तर तो आत आलाय!"

"तेच म्हणतोय मी. ज्या दाराने घरात आला, तेच दार कुठंय म्हणून आपल्याला विचारतोय."

डॉक्टर फोनवर हसला. असं होतं म्हणाला. त्या म्हाताऱ्या सिस्टीमला उठवतो कॉम्प्युटर, पण एकदा उठली की तिला पेनड्राइव्ह हा प्रकारच ओळखू येत नाही. त्यासाठी वेगळा प्रोग्राम, वेगळी तयारी, परत पहिल्यापासून. असे दिवस जात राहिले. चिमुकला पेनड्राइव्ह इतक्या वेळा पुसला गेला की दादा म्हणाला, त्याचं आता कातडं निघेल. प्रत्येक वेळी तोच चौकोन यायचा आणि प्रत्येक वेळी दादा तो अथपासून इतिपर्यंत वाचायचा. शपथ घातली होती ना. नाकातून वाचणं केव्हाच सुटलं होतं, आता तो नुसता थकलेल्या आवाजात वाचायचा, पण गाळत नव्हता. चिंगीला ते वाक्य पाठ झालं होतं, झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवलं असतं. आणि खरं सांगायचं तर तिला त्या वाक्याचा आता वीट आला होता. जन्मभर जे मागितलं ते मिळालं, आणि कान किटले.

शनिवार आला. वहिनी दोनदा जेवायला हाक मारून गेली. पडदा निळा झाला, आणि या वेळी पुढे सरकला. दार विचारलं नाही. 

"आता यादी आलीय," दादा म्हणाला. "कुठल्या भागावर बसवायची ते निवडा. तीन ओळी आहेत. नुसती अक्षरं, नावबिव काही नाही."

"तीन? माझे तर दोनच भाग आहेत." चिंगीने लगेच डॉक्टरला फोन लावला. दुकानात गर्दी असावी, मागे कोणीतरी भांडत होतं. डॉक्टर म्हणाला, "तिसरा तुमचा पेनड्राइव्ह. तोही यादीत येतो. पहिला असतो बहुतेक. म्हणजे सिस्टीमचा भाग दुसरा."

"बहुतेक?"

"ताई, पुढे विचारेल ना तो नावानिशी. बघून घ्या," डॉक्टर म्हणाला, आणि भांडणाऱ्याकडे वळला.

"दुसरा घे," चिंगी म्हणाली. दादाने बटणाचा टक्क आवाज केला. वहिनी तिसऱ्यांदा दारात आली. "वन्सं, अन्न थंड झालं हो. त्या डबड्याला बसू द्या जरा एकटं." चिंगीला भूक लागली होती, पाठ दुखत होती, आणि मुख्य म्हणजे सगळं आता हातातोंडाशी आलं होतं. उद्याचा रविवार छपाईला पुरला असता. सोमवारी ती शाळेच्या पायऱ्या चढणार होती.

दादाने घसा साफ केला. "सावधान. या भागावरील सर्व माहिती कायमची..."

"वगैरे," चिंगी म्हणाली. "कळलं रे बाबा. दाब."

दादा क्षणभर थांबला. मग हसला. "बघ हं, कोण म्हणतंय." आणि त्याने दाबलं.

जेवताना ती तिघं बऱ्याच दिवसांनी खदखदून हसली. वहिनीने दादाची नक्कल केली, दादाने डॉक्टरची. चिंगीने दोनदा वाढून घेतलं. पलीकडच्या खोलीत डिस्क टकटकत होती आणि चिंगी घास घेताघेता तिकडे कान देत होती. कॉम्प्युटर आपोआप बंद झाला, परत सुरू झाला. पेनड्राइव्ह काढून घेतला तरी सुरू झाला. दादाने लॅपटॉपवर ठेवलेला पोपट आत घातला, आणि त्या नाकातल्या आवाजाने खोलीभर जाहीर केलं, "स्वागत आहे. पूर्णविराम." वहिनीने टाळ्या पिटल्या. जन्मात पहिल्यांदाच तिला पोपट गोड वाटला असेल.

चिंगी खुर्ची ओढून बसली. तिच्या पुस्तकाच्या भागाला तिने फार पूर्वी नाव दिलं होतं: काम. तिने बटणं दाबत तिकडे जायला सुरुवात केली.

"काम. सापडले नाही," पोपट म्हणाला.

तिला वाटलं बोट चुकलं. परत गेली. सापडले नाही. मग ती एकेक भाग उघडून बघू लागली. पहिला भाग उघडेचना. तो बिघडलेल्या जुन्या सिस्टीमचा, तो तर नाहीसा व्हायला हवा होता, आणि तो तिथेच होता, जसाच्या तसा.  तिने दुसरा भाग उघडला. पोपट वाचू लागला, नवी कोरी सिस्टीम, तिचे कप्पे, कप्प्यांतले कप्पे, एकही न गाळता. पान नाही. फूल नाही. कान नाही. ती परत वर जायची आणि परत खाली यायची, आणि पोपट तेवढ्याच शांतपणे परत पहिल्यापासून वाचायचा. वहिनी हळूच येऊन तिच्या पाठीशी उभी राहिली.  

"पेनड्राइव्ह पहिला नव्हता," ती म्हणाली. "शेवटचा होता. दुसरा भाग माझा."

डॉक्टर दुकान तसंच टाकून धावत आला. त्याने पेटीवर कान ठेवला नाही. बराच वेळ बटणं दाबली आणि मग म्हणाला, "नुसतं पुसलं असतं तर काढलं असतं ताई. त्याच्यावर आता सिस्टीम लिहिली गेलीय. तुकडे निघतील. कुठले, ते सांगता येत नाही." त्याने जे तुकडे काढले ते चिंगीने छापून बघितले. यंत्राने दणादण ठोकले. बोटांखाली ठिपकेच ठिपके लागले, कुठल्या चित्राचे कोण जाणे, वाळू सांडल्यासारखे. डॉक्टर जाताना दारात थांबून म्हणाला, "मी यायला हवं होतं." 

कपाटात चुकलेल्या चित्रांचा गठ्ठा होता. कोपरे दुमडलेले. चिंगीने तो मांडीवर घेतला. तळहातासारखं पान होतं. कानाची ती नळी, चार-पाच तऱ्हांनी चुकलेली. पाकळ्या एकमेकींत घुसलेलं फूल. चुकलेली सगळीच्या सगळी शाबूत होती.

"माझंच चुकलं," दादा म्हणाला. संध्याकाळ झाली असावी, खिडकीकडून येणारी ऊब गेली होती. "मी वाचायला हवं होतं. जन्माची खोड माझी."

चिंगीला ते मान्य करायची विलक्षण इच्छा झाली. इतकी वर्षं जे त्याच्या माथी मारलं ते याही वेळी मारता आलं असतं, आणि त्याने ते मुकाट्याने घेतलं असतं. घेतच आला होता. त्याच्यावर ओरडावं, खूप ओरडावं, आणि मग रडावं. पण तिच्या कानात तिचाच आवाज होता.

"तू वाचत होतास दादा. मी थांबवलं."

"म्हणून काय झालं? मी पुढे वाचायचं होतं."

"काय होतं पुढे?"

"जाऊ दे ना गं चिंगे."

"वाच."

"आता कुठाय तो पडदा?"

"तुझ्या डोळ्यांपुढे आहे. मला माहितीये, आहे तो. वाच."

 वहिनीने भांडी घासायचं थांबवलं. मग दादाने वाचलं, हळू, सपाट आवाजात. "सावधान. उद्गारचिन्ह. या भागावरील सर्व माहिती कायमची नष्ट होईल. पूर्णविराम. भागाचे नाव. काम. पूर्णविराम. पुढे जायचे आहे का. प्रश्नचिन्ह. होय. नाही."



"मला दिसलं होतं ते नाव," दादा म्हणाला. "काम. मला वाटलं, काम म्हणजे काम. त्याचं, पुसायचं काम. तू नाव ठेवलंयस ते मला कुठं माहीत होतं?"

तेही खरं होतं. तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. पोपटाला माहीत होतं तेवढं पुरे, असं तिला वाटत आलं होतं. तिने हात पुढे केला. दादाचा हात गार होता, आणि ती त्याला धीर देऊ शकली नाही, कारण तिच्याकडे तो नव्हता. पानातल्या रेघा कुठून निघतात हे तिला अजून येत होतं. ते परत मांडायला लागलेली वर्षं परत कुठून आणायची ते येत नव्हतं.

रविवारी सकाळी मोठ्या बाईंचा फोन आला. चिंगीने जे झालं ते सांगितलं, सगळं, काही न गाळता.  मग मोठ्या बाई जपून म्हणाल्या, "यंत्र चालतंय ना पण? धड्यांचा मजकूर आमच्याकडे आहे. तेवढं तरी छापून देता का? मुलांच्या हाती उद्या काहीतरी हवं."

यंत्र चालत होतं. छान चालत होतं, सिस्टीम नवी कोरी होती. दादाने शाळेतून मजकूर आणून दिला आणि खुर्ची ओढून शेजारी बसला. पोपट धडे वाचू लागला आणि चिंगी ऐकून पानं लावू लागली. 'पुढील चित्रात पानाच्या शिरा पाहा', पोपट म्हणाला, आणि त्याखाली जागा रिकामी होती.

रिकामी जागा तशीच ठेवली तर मूल बोटांनी शोधत बसेल. आपल्याला सापडत नाही, आपलंच काहीतरी चुकतंय, असं त्याला वाटेल. चिंगीला ते माहीत होतं. तिने दोन्ही हात बटणांवर ठेवले. जी ओळ आपण कधीही लिहायची नाही म्हणून इतकी वर्षं घालवली, ती तिच्या बोटांना न आठवताच आली. फुलापाशी परत लिहिली. कानापाशी परत लिहिली.

वहिनीने यंत्रावरच्या रजया नीट केल्या. ठोकाठोक संपल्यावर दादाने पहिलं पान उचलून चिंगीच्या हातात दिलं. "काय लिहिलंय?" त्याने विचारलं. त्याला ब्रेल येत नव्हतं.

चिंगीने चित्राच्या जागेवरून बोट फिरवलं. ठिपके ठसठशीत उठले होते, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. तिने त्याला पूर्ण वाचून दाखवलं.

"आकृती गाळली आहे. पूर्णविराम."